दाणेवाल्या मॅडम

आकडा चांगला आला की दाणेवाल्या मॅडमचा चेहरा उतरायचा. चकती तडकली, भट्टी मधेच बंद पडली, पंधरा दिवसांची मेहनत वाया गेली, तर त्या शांतपणे डबा उघडून पोळीभाजी खायला बसायच्या. पण यंत्राच्या पडद्यावर मनासारखा आकडा उमटला की चष्मा काढून पदराने पुसायच्या, परत लावायच्या आणि आमच्याकडे संशयाने पाहत म्हणायच्या, "इतका चांगला काहून आला? कुठी तरी चुकलो आपन. पाह्यजो बरं पुन्हा." आम्ही विद्यार्थी मागे फिरून हसायचो. जग वाईट निकालाला घाबरतं, आमच्या मॅडम चांगल्या निकालाला घाबरतात, असं आमच्या लॅबमध्ये बोललं जायचं.

वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज होतं आणि तिथे त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. राहायला केनवडला. वडिलांचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि बाजाराला न्यायचे. वडील गेल्यावर मळा भावाने सांभाळला. मॅडम त्याच घरात आई, भाऊ आणि भावजय यांच्यासोबत राहायच्या आणि रोज एसटीने कॉलेजला यायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. नव्याने आलेल्या एखाद्या प्राध्यापिकेने भीत भीत तो विषय काढलाच, तर त्या गंभीरपणे म्हणायच्या, "भट्टीपाशी बसाले कोन तयार व्हते बाई?" विचारणारीला हसावं की नाही ते कळायचं नाही.

दाणेवाल्या मॅडम हे नाव बी.एस्सी.च्या पोरांनी ठेवलेलं. वर्गात त्या पुस्तकी मराठीत सुरुवात करायच्या, पण विषय त्यांच्या संशोधनाकडे वळला की पाचव्या मिनिटाला बोली वऱ्हाडी व्हायची आणि सगळं बोलणं दाण्यांवर यायचं. काही पदार्थ असे असतात, की त्यांचं एक टोक तापवलं आणि दुसरं थंड ठेवलं तर त्यातून वीज निघते. असा पदार्थ चांगला व्हायचा तर त्यातून वीज सहज गेली पाहिजे आणि उष्णता मात्र अडली पाहिजे. नाहीतर दोन्ही टोकं सारखीच तापतात आणि खेळ संपतो. "दोघीबी एकाच रस्त्यानं जातेत, थेच तं दुखनं हाये," असं म्हणून मॅडम फळ्यावर एक मोठा चौकोन काढायच्या. "हे आपलं वावर. याचे धा तुकडे केले तं मधात धुरे किती झाले? उष्णता प्रत्येक धुऱ्याले ठेच खाते. करंट पाखरावानी वरतून जाते. म्हनून दाने जितके बारीक, तितकं बरं." पोरं शेतकऱ्यांची, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, भांडणं पाहतच मोठी झालेली. त्यांना ते लगेच पटायचं. मग मॅडम हात वर करून थांबवायच्या. "पन भुकटी कोनीबी बारीक करन. तिची चकती बनवाले दाबा लागते, तापवा लागते. अन् तापवलं का धुरे मोडतेत, मोठं वावर लहान्याले खाऊन टाकते. दाना लहान ठेवून चकती पक्की करनं, याच्यातच माणूस म्हातारा होते."

मी मेडशीची. घरी सोयाबीन आणि तूर. एम.एस्सी. झाल्यावर घरचे म्हणत होते की बी.एड. कर, शाळेत लाग. मी मॅडमकडे पीएच.डी.ला नाव घातलं, ते बरंचसं त्या धुऱ्यांच्या मोहाने. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात अकीक दगडाचा छोटा खल दिला आणि म्हणाल्या, "घोट." मी तासभर घोटलं. त्यांनी चिमटीत भुकटी घेऊन बोटांवर चोळली, पुन्हा खलात टाकली आणि तेवढंच म्हणाल्या, "घोट." भुकटी दळायची बॉल मिल बाजूलाच उभी होती. पण यंत्र काय करतं ते हाताला आधी कळलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. महिनाभर मी घरी जाऊन भाकर थापायला बसले तरी मनगट दुखायचं.

आमची लॅब म्हणजे एक लांबट खोली. चकती दाबायचं यंत्र मॅडमनी विकत घेतलेलं नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वेल्डरकडून त्याची चौकट करून घेतली होती, गाडी उचलायचा जॅक त्यात बसवला होता आणि साच्याभोवती तापणारा पट्टा गुंडाळला होता. वेल्डरला त्या चकतीचं फार कुतूहल होतं. तो अधूनमधून येऊन विचारायचा, "मॅडम, निंगाली का हो वीज?" मॅडम म्हणायच्या, "निंगते, पन मुंगीले पुरन एवढी."

लाईटशी त्यांचं वैर होतं. चकती तापत असताना वीज गेली की दाण्यांचं गणित बिघडायचं. साचा हळूहळू निवायचा, वीज परत आली की पुन्हा तापायचा आणि त्या जास्तीच्या वेळात दाणे वाढून बसायचे. म्हणून मॅडम पहिल्या एसटीने यायच्या. सकाळी विजेचा दाब बरा असतो, लाईट सहसा जात नाही, असा त्यांचा अनुभव होता. मी पोचायचे तेव्हा त्या यंत्रासमोर स्टुलावर बसलेल्या असायच्या, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलेलं. तापमान चढत असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, अगदी प्राचार्यांनीसुद्धा.

आणि त्यांची वही. लॅबमध्ये जे काही घडायचं ते त्याच दिवशी, त्याच तासाला तिच्यात उतरायचं. 'लाईट गेली.' 'साच्याला चीर.' 'आज माझं लक्ष नव्हतं, दोन मिनिटं उशिरा काढली.' चुकलेला आकडा खोडायला त्यांची सक्त मनाई होती. त्यावर एकच बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी एकदा पांढरी शाई लावून आकडा झाकला होता. मॅडमनी नखाने ती शाई हळूहळू खरवडून काढली, खालचा आकडा दिसेपर्यंत. तोवर मी समोर उभी. मी परत कधी शाई लावली नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी आमची चकती जमली. मॅडमनी भुकटीत दुसऱ्या एका पदार्थाची अगदी किंचित चिमूट टाकून पाहिली होती. ती चिमूट धुऱ्यांवर जाऊन बसायची आणि दाण्यांना वाढू द्यायची नाही. आमच्याकडे मोजमापाची मोठी यंत्रं नव्हती. चकत्या डबीत कापूस घालून मी एका मोठ्या संस्थेत घेऊन गेले, तीन दिवस तिथे रांगेत बसले आणि आकडे घेऊन परत आले. सूक्ष्मदर्शकाखाली दाणे खरोखरच बारीक होते. आणि पदार्थाची गुणवत्ता सांगणारा शेवटचा आकडा आमच्या अपेक्षेपेक्षा इतका वर होता, की मॅडमनी तीनदा चष्मा पुसला. चार वेळा मोजून आणायला लावलं. चारही वेळा तोच आकडा आला. शेवटी त्यांचाही नाइलाज झाला. आम्ही शोधनिबंध पाठवला आणि तो एका चांगल्या नियतकालिकात छापून आला.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी आयुष्यात कधी विसरणार नाही. कॉलेजने मॅडमचा आणि माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. मेडशीच्या बसस्टँडवर माझ्या फोटोचा फलक लागला. वडील रोज काही ना काही काम काढून त्याच्यासमोरून जायचे. मॅडमच्या बढतीची फाईल पुढे सरकली. आणि त्या निबंधाच्या जोरावर मला देशातल्या एका नावाजलेल्या संस्थेत दोन वर्षांची संशोधनाची जागा मिळाली. प्रबंध सादर केला की निघायचं, इतकंच बाकी होतं. आईने माझ्यासाठी नवी बॅगसुद्धा आणून ठेवली.

मग एके दिवशी चिमट्यातून निसटून एक चकती फरशीवर पडली आणि फुटली. मी तुकडे गोळा करून मॅडमसमोर ठेवले. वाटलं, रागावतील. त्यांनी एक तुकडा उचलून भिंगाखाली धरला, कड वर करून बराच वेळ पाहिला. मग सगळे तुकडे एका डबीत घालून म्हणाल्या, "जाय घरी आज." दुपारचे दोन वाजले होते. त्यानंतरचे काही दिवस त्या लॅबमध्ये यायच्या, पण चकती लावायच्या नाहीत. मी प्रबंध लिहिण्यात गुंतले होते, माझ्या ते फारसं लक्षात आलं नाही.

नवव्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. चकतीच्या तुटलेल्या कडेला थरावर थर दिसत होते, एखाद्या जाड वहीची कड दिसावी तसे.

"दाने बारीक हायेत," मॅडम म्हणाल्या, "पन थे झोपले हायेत. वरतून दाबलं तं सारे आडवे झाले. आता सांग, करंट कोन्या बाजूनं मोजला आपन?"

"आडवा."

"अन् उष्णता?"

उष्णता मोजमापाच्या त्या संस्थेतल्या यंत्रावर चकतीच्या वरून खाली मोजली जायची. आमच्या पदार्थातून वीज थरांच्या बाजूने सहज वाहत होती, आणि उष्णता थर ओलांडून खाली जाताना अडत होती. आम्ही एका दिशेची वीज आणि दुसऱ्या दिशेची उष्णता घेऊन एकच आकडा काढला होता. चार वेळा मोजलं तरी चारही वेळा तीच चूक होणार होती. आम्ही दिशा लिहिलीच नव्हती, निबंध तपासणाऱ्यांनीही ती विचारली नव्हती.

आम्ही उंच चकती दाबली, तिच्यातून दोन्ही दिशांचे तुकडे कापले आणि पुन्हा मोजून आणले. आकडा खाली आला. दाणे बारीक ठेवल्याचा फायदा होता, पण थोडासा. निबंधात छापला होता तो आकडा कुठेच नव्हता.

मॅडमनी नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले.

"मॅडम, कोनाले कळनार हाये?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुले कळलं नं."

"माह्यी जागा जाईन मॅडम. दोन महिने थांबा. मले जाऊ द्या, मंग पाठवा."

"तू गेल्यावर पाठवलं तं तुले तिथून वापस धाडतीन. थे याच्याहून वाईट हाये."

मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "तुमाले काय व्हते? तुमची नोकरी पक्की हाये. जानार तं माह्यं हाये. म्हनून तुमाले जमून राह्यलं."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा लिहायला लागल्या. पत्रात त्यांनी चूक एकट्या स्वतःच्या नावावर घेतली होती. मोजमापाची दिशा ठरवण्याची जबाबदारी मार्गदर्शकाची होती, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते पत्र वाचलं आणि तरीही माझा राग गेला नाही.

निबंध मागे घेतला गेला. मला जागा देणाऱ्या संस्थेचं, ती रद्द झाल्याचं, दोन ओळींचं पत्र आलं. मॅडमची फाईल जिथून निघाली होती तिथे परत गेली, आणि स्टाफरूममध्ये लोक त्या आल्या की विषय बदलू लागले. मेडशीचा फलक पावसाने फाटेपर्यंत कुणी काढला नाही, पण वडील आता दुसऱ्या रस्त्याने जायचे. मी दीड वर्ष पुन्हा सगळी मोजमापं केली आणि साध्या, खऱ्या, कुणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या आकड्यांचा प्रबंध लिहिला. त्या दीड वर्षात मॅडम एकही दिवस गैरहजर राहिल्या नाहीत. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. डिग्री मिळाली, पुण्यात एका प्रयोगशाळेत लहानशी नोकरी मिळाली आणि मी निघाले. निरोप घ्यायला गेले तेव्हा चकती तापत होती. त्या स्टुलावर बसल्या होत्या. मी दारातूनच "येते मॅडम" म्हणाले आणि त्यांनी वळायच्या आत निघून आले.

चार वर्षं मी त्यांना फोन केला नाही. त्यांचा फोन दिवाळीला यायचा. मी कधी उचलायचे, कधी नाही. त्या निवृत्त झाल्या, निरोप समारंभाचं बोलावणं आलं, मी रजा मिळत नाही असं कळवलं. रजा मी मागितलीच नव्हती.

मग एका परिषदेत जेवणाच्या रांगेत ओडिशातला एक तरुण संशोधक माझ्या छातीवरचं नाव वाचून थबकला. "त्या मागे घेतलेल्या निबंधात तुमचं नाव होतं ना?" त्याने हिंदीत विचारलं. मला वाटलं, आता इथेही. पण त्याने माझी थाळी हातातून घेऊन टेबलावर ठेवली आणि मला समोर बसवलं.

तो पीएच.डी. करताना कित्येक महिने आमचीच चकती बनवत होता. तीच भुकटी, तेवढेच तास, तेवढंच तापमान. दाणे आमच्याइतकेच बारीक यायचे, पण आकडा येत नव्हता. त्याचे मार्गदर्शक म्हणायचे, तुझा हात स्वच्छ नाही, तुला हे काम जमणार नाही. त्याने सोडून द्यायचं ठरवलं होतं, घरी तसं सांगूनही झालं होतं. तेवढ्यात आमचा निबंध मागे घेतल्याची सूचना छापून आली. त्याने कॉलेजमधून नंबर शोधून मॅडमना फोन केला. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेटा, तुम्हारे हाथ में खोट नहीं था. हमारे काग़ज़ में था. मुझे माफ़ करना."

"एवढ्या मोठ्या बाईने माझी माफी मागितली," तो म्हणाला. "आज मी शिकवतो. त्यांना माझा नमस्कार सांगाल?"

मी हो म्हणाले. त्यांच्याशी माझं बोलणं नाही, हे त्याला सांगायची मला लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात मी केनवडला गेले. मॅडमच्या आजाराबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मळ्याकडे तोंड केलेल्या पडवीत त्या खाटेवर बसल्या होत्या, इतक्या बारीक झालेल्या की मी आधी त्यांना त्यांची आईच समजले. पोटाचं दुखणं होतं, अकोल्याच्या डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती. मला पाहून त्या म्हणाल्या, "ये वं. बस. पानी घे," जणू मी कालच लॅबमधून गेले होते.

मी ओडिशाच्या त्या मुलाचा नमस्कार सांगितला. त्यांना आनंद झाला. "लागला का नोकरीले? गुनी पोरगा व्हता. लय भ्यायला व्हता."

"तुमी मले कदी सांगतलं नाई."

"तू फोन उचलत नवती."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग मी म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी तुमाले लय वाईट बोलली."

"बोलली," त्या म्हणाल्या. "मले लागलंबी. पन तुह्यं खोटं नवतं. तुह्यंच जास्त गेलं. मले माहीत व्हतं थे."

मग त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. आई आत चुलीपाशी होती, तिला ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटत असावं.

"एक गोष्ट म्या कोनालेच सांगतली नाई. थे चकती फुटली नं, तवाच मले समजलं व्हतं. त्याच दिवशी. भिंगातून पाह्यलं अन् समजलं. तरी आठ दिवस डबी ड्रॉवरमंदी ठेवली. रोज वाटे, राहू द्यावं तसंच. तुही जागा हाये, माह्यी बढती हाये, वेल्डरपासून साऱ्यायले आनंद झाला हाये. कोन फोडून पाह्यते चकती? वहीतबी आठ दिवस काई लिहिलं नाई म्या. आठ पानं कोरी. जलमात पयल्यांदा. नवव्या दिवशी वही उघडली तं माह्याच वहीची मले लाज वाटली. म्हनून तुले बोलावलं. तू म्हनली, तुमाले जमून राह्यलं. नवतं वं जमून राह्यलं."

मी त्यांचा हात हातात घेतला. इतकी वर्षं मी त्यांना एका उंच जागी ठेवलं होतं आणि खाली उभी राहून त्यांच्यावर रागावत होते. त्या माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या, हे ऐकलं आणि माझ्या मनात काहीतरी सुटलं. मी तेव्हा रडले, पाच-साडेपाच वर्षं उशिरा. मॅडमनी मला रडू दिलं. मग विचारलं, "आता काय करून राह्यली तू? दाना कितीवर आनला?" मी सांगितलं. त्यांनी चिमूट कोणती टाकतेस, दाब किती देतेस, सगळं खोदून विचारलं. "तुकडा कोन्या बाजूनं कापते?" हेही विचारलं, आणि मी उत्तर देईपर्यंत माझ्याकडे रोखून पाहत राहिल्या. चार वाजताच्या एसटीसाठी मी उठले तेव्हा त्या खाटेवरून उतरायला लागल्या. मी नको म्हणाले. त्या भिंतीला धरून दारापर्यंत आल्याच. या वेळी मी वळून पाहिलं.

दीड महिन्याने त्या गेल्या. मला निरोप मिळून पोचायला तिसरा दिवस उजाडला. पडवीत बायका बसल्या होत्या. मॅडमच्या आईने मला ओळखलं आणि हाताने खूण करून शेजारी बसवलं. ऐंशीच्या आसपासची बाई. डोळे कोरडे, आवाज बसलेला.

"पोरी," ती म्हणाली, "एक इचारू का तुले? सारी उमर थे त्या दान्याच्या मांगं व्हती. लोकं तिले दानेवाली म्हनत, मले माहीत हाये. मले वाटे, सोयाबीनचं काई असन. मी कदी पुसलं नाई. म्हनलं, मले अडानीले काय समजन. तुले येते नं थे? सांग बरं मले."

मी सांगायला लागले. पुण्यात इतकी वर्षं इंग्रजीत बोललेलं सगळं मला घरच्या बोलीत आणावं लागलं. ताप एका बाजूनं कसा येतो, त्यातून वीज कशी निघते, भुकटी कशी घोटतात, ती कशी दाबतात आणि तापवली की आतले दाणे एकमेकांना कसे गिळतात. तिची मुलगी सकाळच्या एसटीने जाऊन मांडीवर घड्याळ ठेवून काय राखत बसायची. बायकाही ऐकायला लागल्या. म्हातारी मधे मधे "हां" म्हणायची. तिला सगळं कळत होतं असं नाही, पण एकही शब्द सुटू नये अशी ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. माझं सांगून झालं तेव्हा ती माझ्याकडे आणखी सरकली.

"मंग," तिने विचारलं, "झाले का शेवटी बारीक?"

हो आजी, झाले, हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. तिसऱ्या दिवशी एका आईला एवढं सांगायला काय हरकत होती? कोण तपासणार होतं?

"झाले, आजी," मी म्हणाले. "पन तिले जितके पाह्यजे व्हते, तितके नाई झाले. थोडं राह्यलं."

म्हातारीने सावकाश मान हलवली. मग पदर तोंडाला लावला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा बांध फुटला. बायका पुढे सरसावल्या, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

"खरं सांगून राह्यली तू," ती म्हणाली. "घरी आली का थे रोज असंच म्हने. चप्पल काढता काढता म्हने, थोडंसं राह्यलं, माय. कायचं राह्यलं, थे मले आज समजलं."